स्वर्गीय नर्तकाचा फोटो काढायला गेलं की रिकामी फांदीच येते. नाशिकजवळ कुठे आणि कसं बसावं?

रिकाम्या फांद्यांचे फोटो माझ्याकडेही ढिगाने आहेत. कॅमेऱ्याला दोष देऊ नका, त्याच्या मागे फिरणं थांबवा. हा पक्षी हवेत झेपावून किडा टिपतो आणि बहुतेकदा दुसऱ्याच फांदीवर जाऊन बसतो. आपली लेन्स तिकडे वळेपर्यंत तो तिथूनही गेलेला असतो.

नाशिकमध्ये कुणालाही विचारा, नांदूर मध्यमेश्वरच सांगतील. रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ही मान्यता, मिळालेलं ते राज्यातलं पहिलं ठिकाण, पण मुख्यतः पाणपक्ष्यांचं. स्वर्गीय नर्तकाला गर्द सावली लागते. एप्रिल-मे मध्ये त्र्यंबकच्या बाजूला, अंजनेरीच्या पायथ्याकडे झाडीतलं एखादं आटत आलेलं डबकं शोधा आणि दुपारी तिथे गुपचूप बसा. लोक पहाटे जातात. याची आंघोळ मात्र उन्हं तापल्यावर.

मी असा पहिल्यांदा बसलो तेव्हा तासभर फक्त बुलबुल. मग एक पांढरा नर आला. फांदीवरून सुरकन खाली, पाण्याला पोट टेकलं न टेकलं की परत वर, अंग फुगवून पिसं झटकली, पुन्हा खाली. चारही वेळा वर आला तो त्याच फांदीवर! फोकस तिथेच धरून ठेवला होता, त्यामुळे फोटो मिळाले. पण हावरटपणाने झूम पूर्ण केला होता. घरी येऊन पाहतो तर एकातही शेपटी पुरी नाही. पक्षी वीतभर, शेपटीच्या फिती त्याहून लांब. खाली भरपूर जागा सोडा.

गर्द सावलीत पांढरा नर हमखास चुना फासल्यासारखा येतो. एक्सपोजर एखाद्या स्टॉपने उतरवा, म्हणजे प्रकाश निम्मा. झेपेसाठी शटर 1/1600 सेकंद तरी हवं. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) 3200 वर गेला तर जाऊ द्या, फोटोत दाणे दिसले तर दिसले.

आखूड शेपटीचा तांबूस पक्षी आला तर कॅमेरा खाली ठेवू नका. ती मादी असेल किंवा कोवळा नर. डोळ्याभोवतीचं निळं कडं जवळून बघण्यासारखं असतं. आवाज मात्र अगदीच घोगरा, नाव कुणी ठेवलं कोण जाणे.

मोबाईलवर त्याचा आवाज वाजवून बोलावू नका. मे-जूनमध्ये घरटं दिसलंच तर आडव्या येणाऱ्या डहाळ्या मोडू नका, त्या गेल्या की ते कावळ्यालाही दिसतं.