आठ मिनिटांत बिघडलेला अल्बम

वाचकांचे प्रश्न : डेथ मेटल

प्रश्न : मॉर्बिड एंजल या बँडच्या ‘इल्लुड डिव्हिनम इन्सानस’ या अल्बमचं नुसतं नाव काढलं तरी डेथ मेटल (गुरगुरत्या गळ्याचं, जड गिटारचं वेगवान संगीत) ऐकणारे तोंड वाकडं करतात. मला मात्र त्यातली चार-पाच गाणी मनापासून आवडतात. माझ्याच कानांत काही खोट आहे का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : अजिबात नाही. तुम्हाला आवडणारी गाणी ‘एक्झिस्टो व्हल्गोरे’, ‘ब्लेड्स फॉर बाल’, ‘टेन मोअर डेड’, ‘नेव्हरमोअर’ आणि ‘ब्यूटी मीट्स बीस्ट’ हीच असणार. ही पाच मिळून साधारण 24 मिनिटांचं चोख डेथ मेटल होतं. त्यांतली एक-दोन बँडच्या ‘डॉमिनेशन’ या जुन्या अल्बमवर असती, तरी कुणाला खटकली नसती.

श्रोते का भडकले, ते कळायला आधीचा काळ बघायला हवा. फ्लोरिडातल्या टॅम्पाचा हा बँड. 1989चा ‘ऑल्टर्स ऑफ मॅडनेस’, 1991चा ‘ब्लेस्ड आर द सिक’, 1993चा ‘कव्हनंट’ आणि 1995चा ‘डॉमिनेशन’ या चार अल्बमांवर गायक आणि बेसवादक डेव्हिड व्हिन्सेंट होता. 1996मध्ये तो बाहेर पडला, 2004मध्ये परतला. ‘हेरेटिक’ (2003) नंतर आठ वर्षं नवा स्टुडिओ अल्बम नव्हता. त्यामुळे जून 2011मध्ये हा अल्बम आला तेव्हा लोकांना हवा होता तो थेट ‘डॉमिनेशन’च्या पुढचा अध्याय. त्यात पाठीच्या शस्त्रक्रियेमुळे ड्रमवादक पीट सँडोव्हाल वाजवू शकला नाही, त्याच्या जागी टिम यंग बसला.

आता अल्बमची सुरुवात ऐका. आधी अडीच मिनिटांचा वाद्यवृंदासारखा प्रवेश, मग सहा मिनिटांहून मोठं ‘टू एक्स्ट्रीम!’, ज्यात मशीनचा सरळ ठोका आणि घोषणा. म्हणजे पहिली आठ-साडेआठ मिनिटं ओळखीचं डेथ मेटल कानावर पडतच नाही. बहुतेकांचं मत तिथेच पक्कं झालं. तिसऱ्या गाण्यापासून गाडी रुळावर येते, पण तोवर ऐकणाऱ्याचं मन उठलेलं असतं. शेवटाकडे सात मिनिटांहून लांब ‘रॅडिकल्ट’ आहे. ते ‘टू एक्स्ट्रीम!’पेक्षाही कमकुवत आहे, आणि त्याची बाजू घेणं आम्हालाही जमत नाही.

एक करून बघा. वरची पाच गाणी ‘ब्लेड्स फॉर बाल’पासून सुरू करून एका यादीत लावा. अल्बम न ऐकलेल्या मित्राला बँडचं नाव न सांगता ऐकवा. ‘आय अॅम मॉर्बिड’ सहावं ठेवायला हरकत नाही. मैफलीत लोकांना सोबत ओरडता यावं म्हणूनच ते बांधलंय, आणि तेवढं काम ते करतं.

प्रश्न : इलेक्ट्रॉनिक संगीत घुसवलं म्हणूनच हा अल्बम पडला, असं आमच्या गटातले सगळे म्हणतात. पटतं का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : अर्धंच. या बँडला मशीनचं वावडं कधीच नव्हतं. 1994मध्ये स्लोव्हेनियाच्या लायबाख या बँडने ‘कव्हनंट’मधल्या ‘गॉड ऑफ एम्प्टिनेस’ आणि ‘स्वॉर्न टू द ब्लॅक’ या गाण्यांची नवी रूपं केली होती, आणि ती बँडच्याच नावाने बाजारात आली. बँड सोडल्यावर व्हिन्सेंट जेनिटॉर्चरर्स या इंडस्ट्रियल, म्हणजे मशीनचे आवाज वापरणाऱ्या, बँडमध्ये वाजवत होता. तेव्हा 2011मध्ये आभाळातून काही पडलं नाही.

खरी अडचण रचनेत आहे. गिटारवादक ट्रे अॅझॅगथॉथचा रिफ (गाण्याचा कणा असलेली गिटारची सुरावट) सरळ चालत नाही. तो घरंगळतो, मध्येच लांबतो, सम वाटते तिथे संपत नाही. खाली ड्रम वेगळा हिशेब मांडत असतो, आणि या ओढाताणीतून त्यांच्या संगीतात गरगर येते. ‘कव्हनंट’मधलं ‘रॅप्चर’ ऐकताना पायाने ठेका धरून बघा, लगेच कळेल. ‘टू एक्स्ट्रीम!’मध्ये खाली एक-दोन-तीन-चार असा सारख्या वजनाचा ठोका आहे. त्यावर बसवायचा म्हणून रिफही छोटा आणि सरळ केला, आणि तोच फिरून फिरून येतो. ओढाताण संपली, गरगरही गेली. याउलट ‘गॉड ऑफ एम्प्टिनेस’ मुळातच संथ आणि मोकळं गाणं. दोन सुरांमध्ये जागा आहे, म्हणून लायबाखच्या मशीनला तिथे शिरता आलं.

प्रश्न : या अल्बमवरचे ड्रम टाइपरायटरसारखे वाजतात. दोष माझ्या इअरफोनचा की रेकॉर्डिंगचा? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : मुख्यतः रेकॉर्डिंगचा, पण इअरफोन त्यात भर घालतात.

दर मिनिटाला 200 ठोक्यांच्या लयीत डबल बासवर (दोन्ही पायांनी वाजवायचा बास ड्रम) सोळांश मात्रा वाजवल्या, तर सेकंदाला 13पेक्षा थोडे जास्त ठोके पडतात. दोन ठोक्यांत अंतर उरतं 75 मिलिसेकंद. मोठ्या बास ड्रमची घुमी त्याहून जास्त वेळ रेंगाळते, म्हणून ठोके एकमेकांत मिसळून गुरगुर होते. त्यावर उपाय ट्रिगर. ड्रमच्या कड्याला लावलेला छोटा सेन्सर ठोका ओळखतो आणि आधी साठवलेला आखूड, टोकदार आवाज वाजवतो. स्पष्टता मिळते, पण हलका पाय आणि जोराचा पाय एकाच वजनाचे ऐकू येऊ लागले की माणूस हरवतो. सेन्सरची संवेदनशीलता जास्त ठेवली तर एका ठोक्याचे दोन होतात, कमी ठेवली तर हलके ठोके गळतात. म्हणून बरेच ध्वनितंत्रज्ञ मूळ माइकचा आवाज आणि ट्रिगरचा आवाज मिसळतात. मिश्रणात ट्रिगर वरचढ झाला की टाइपरायटर ऐकू येतो.

घरी एवढं करा. फोनमधला बास बूस्ट बंद करा. अॅपमधलं आवाज समान ठेवणारं सेटिंग चालू करा, नाहीतर जो अल्बम मोठ्याने भरलाय तोच सुरुवातीला भारी वाटतो आणि 20 मिनिटांनी कान शिणवतो. मग पाच पट्ट्यांच्या इक्वलायझरमध्ये 3.6 किलोहर्ट्झची पट्टी 2 ते 3 डेसिबल खाली आणा. किकची, म्हणजे बास ड्रमची, टकटक बऱ्यापैकी याच भागात असते. 6 डेसिबल उतरवू नका. गिटारच्या पिकचा घावही तिथेच असतो, तो गेला की रिफ गोधडीखाली वाजल्यासारखा होतो. 230 हर्ट्झला 1 डेसिबल वाढवलंत तर गिटारला थोडं अंग येईल.

प्रश्न : ‘गॉड ऑफ एम्प्टिनेस’ माझ्या सहा तारांच्या गिटारवर वाजवायचंय. तार ढिली केली की नुसती फडफडते. (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : ते सात तारांच्या गिटारवर, अर्धा सूर उतरवून वाजवलंय. सहा तारांवर जाडीकडून बारीककडे बी फ्लॅट, ई फ्लॅट, ए फ्लॅट, डी फ्लॅट, जी फ्लॅट, बी फ्लॅट असं लावा. नेहमीच्या 10-46च्या संचावर (आकडे म्हणजे सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) हा सूर टिकणार नाही. नटपासून ब्रिजपर्यंत तारेची लांबी 25.5 इंच असलेल्या गिटारला 12-62चा संच घ्या.

जाडी वाढली की तीन गोष्टी बिघडतात. पहिली, नटची (मानेच्या टोकाच्या पट्टीची) खाच. 62ची तार 46च्या खाचेत अडकते आणि बेंड केल्यावर सूर परत जागेवर येत नाही. खाच फक्त रुंद करा. खोल केलीत तर मोकळी तार पहिल्या फ्रेटवर घासेल. दुसरी, मानेचा बाक. ट्रस रॉड (मानेतली सळई) एका वेळी पाव फेराच फिरवा आणि पुन्हा तपासा. तिसरी, 12व्या फ्रेटवरचा सूर. तो हार्मोनिकपेक्षा (तिथेच तार न दाबता नुसती स्पर्शून येणारा सूर) चढा आला तर सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) मागे, उतरता आला तर पुढे. तरंगता ब्रिज असेल तर हे काम गिटार दुरुस्त करणाऱ्याकडेच द्या.

अॅम्पचा गेन (आवाज फाटवणारा नॉब) सवयीपेक्षा कमी ठेवा. इतक्या खालच्या सुरात जास्त गेनने सगळा चिखल होतो.

प्रश्न : ‘इल्लुड डिव्हिनम इन्सानस’ या नावाचा अर्थ काय? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ‘ते दैवी, वेडं’ असं काहीसं. लॅटिन मात्र जुळत नाही, कारण पहिले दोन शब्द नपुंसकलिंगी आणि तिसरा पुल्लिंगी आहे. अल्बमांची नावं इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने ठेवायची या बँडची रीत, म्हणून ‘हेरेटिक’नंतर ‘आय’ हे अक्षर. 2015चं ‘जे’ म्हणजे ‘जुव्हेनिलिया’, 1989च्या नॉटिंगहॅममधल्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण. 2017चा के म्हणजे ‘किंग्डम्स डिस्डेन्ड’. त्यावर व्हिन्सेंट नाही, मधल्या काळात त्याच्या जागी गायलेला स्टीव्ह टकर परत आलाय, आणि मशीनचा ठोकाही नाही.