रिचमंड पार्कजवळच्या शांत भागात राहायला कसं वाटतं? करमतं का?

तुम्ही लिहिलंय की लंडनमधल्या हाउन्स्लोच्या गजबजाटाला कंटाळलात, पार्कच्या आसपास घर बघताय आणि सासूबाई दरवर्षी सहा महिने येऊन राहतात, त्यांचं कसं होईल ही काळजी आहे. मी नऊ वर्षं पार्कला लागून असलेल्या हॅममध्ये राहते आणि माझे बाबाही चिपळूणहून येऊन राहून जातात. तेव्हा उत्तर द्यायचा थोडा हक्क आहे.

आधी हॅम शांत का आहे ते सांगते, कारण एजंट ते सांगणार नाही. इथे स्टेशन नाही. ट्यूब नाही, ट्रेन नाही. पूर्वेला पार्कची भिंत, पश्चिमेला थेम्स. रिचमंडकडे जाणारा पीटरशॅमचा रस्ता एवढा अरुंद आणि वळणावळणाचा आहे की समोरून दुसरी डबल डेकर आली की एकीला थांबावं लागतं. म्हणून ज्याला हॅमलाच यायचंय तोच इथे येतो. घरंही रिचमंड स्टेशनच्या आसपासपेक्षा स्वस्त आहेत, त्याचंही कारण हेच. तुम्हाला हवी असलेली शांतता आणि पुढे ज्या गैरसोयीला तुम्ही शिव्या घालाल ती, एकाच पुडीत बांधून मिळते.

आमचा सगळा जीव ६५ नंबरच्या बसवर. ईलिंग ब्रॉडवे ते किंग्स्टन. रिचमंडला पोचलात की मध्य लंडनातलं वॉटर्लू स्टेशन ट्रेनने वीसेक मिनिटांवर, पण रिचमंडला पोचायला कधी बारा मिनिटं लागतात, कधी पस्तीस. ऑफिसला उशीर होणार असला की मी टीमच्या ग्रुपवर नुसतं ‘६५’ असं टाकते. आता कुणी काही विचारत नाही.

आता पार्क. तुमच्या डोक्यात बाग असेल तर ती काढून टाका. हे अडीच हजार एकरांचं रान आहे. ओकची जुनी झाडं, कमरेएवढं नेचं, दोन मोठी तळी आणि सहाशेच्या वर हरणं. १६३७ मध्ये पहिल्या चार्ल्स राजाने शिकारीसाठी त्याला भिंत घातली आणि त्यात हॅमच्या लोकांचं पुष्कळसं गायरान गेलं. उरलेलं ते आजचं हॅम कॉमन. तळं, झाडी आणि मधोमध क्रिकेटचं मैदान.

भिंतीतून आत जायचा लोकांचा हक्क शाबूत राहिला, त्यामागे एक बिअर बनवणारा माणूस आहे. राजकन्या अमेलिया पार्कची प्रमुख झाली आणि तिने सामान्यांना आत सोडणं बंद केलं. रिचमंडच्या जॉन ल्यूइसने तिच्या दरवानावर खटला भरला आणि १७५८ मध्ये जिंकला. न्यायाधीशांनी विचारलं, दार हवं की भिंतीवरून चढायला शिडी? त्याने शिडी मागितली. दार काय, हरणं पळतील म्हणून कधीही कुलूप घालता येतं! किंग्स्टनच्या बाजूच्या एका फाटकाला अजून लॅडरस्टाइल गेट, म्हणजे शिडीचं फाटक, म्हणतात. कोर्टात शिडी मागणारा हा माणूस मला पार्क बांधणाऱ्या राजापेक्षा जवळचा वाटतो.

इथे राहायचं म्हणजे हरणांच्या कॅलेंडरने राहायचं. मोठी तांबडी हरणं आपल्या सांबराच्या भावकीतली, आणि लहान फॅलो चितळासारखी ठिपक्यांची. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर नर माजावर येतात. पहाटे हॅम गेटपाशी त्यांची डुरकणी ऐकू येते आणि पहिल्या वर्षी खरंच छातीत धस्स होतं. मे ते जुलै पाडसांचा काळ, तेव्हा माद्या कुत्र्यांवर धावून जातात. एरवीही पन्नास मीटर लांब राहायचं, फोटोसाठी पुढे सरकायचं नाही. नोव्हेंबर आणि फेब्रुवारीत संख्या आवाक्यात ठेवायला काही हरणं मारतात. त्या आठवड्यांत पायी जायची फाटकंही रात्री आठ ते सकाळी साडेसात बंद असतात. हे ऐकून बरेच जण तोंड वाकडं करतात. पण भिंतीच्या आत वाघ नाही, लांडगा नाही, आणि चरायला जमीन तेवढीच. मला यात काही चुकीचं वाटत नाही.

उन्हाळ्यात नेच्यातून फिरून आलात की पायांवर गोचीड बघायची. त्यांच्यामुळे लाइम नावाचा आजार होऊ शकतो. पँट मोज्यात खोचून जायचं, कितीही बावळट दिसलं तरी.

सासूबाईंसाठी बाबांचे तीन किस्से सांगते.

पहिल्या ऑक्टोबरात ते पार्कातून पिशवीभर चेस्टनट घेऊन आले. शिंगाड्यासारखे उकडायचा बेत होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा वेचायला गेले, तर पार्कच्या एका स्वयंसेवक बाईंनी गोड बोलून पिशवी जमिनीवर रिकामी करायला लावली. इथून चेस्टनट, भूछत्रं काहीच न्यायचं नाही. हरणं थंडीसाठी चरबी चढवतात ती त्याच्यावर. बाबा दोन दिवस फुगून बसले. ‘झाडाखाली पडलेलं कुणाच्या बापाचं असतं का?’ पुढे तिथे फिरणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तोच नियम ते स्वतः सांगायला लागले, जरा जास्तच जोरात.

दुसरा किस्सा पोपटांचा. संध्याकाळी आमच्या मागच्या झाडांवरून हिरव्या पोपटांचे थवे ओरडत जातात. तेच ते, आपल्याकडे पेरू कुरतडणारे, नराच्या गळ्याला गुलाबी कंठ असलेले. पाळलेले सुटले आणि त्यांची प्रजा पश्चिम लंडनभर पसरली. इंग्रज शेजाऱ्यांना त्यांचा राग येतो, झाडांच्या ढोल्या बळकावतात म्हणून. बाबांना मात्र पहिल्या आठवड्यात ओळखीचं भेटलं ते हेच. ते त्यांना ‘आपली मंडळी’ म्हणतात.

तिसरा पाण्याचा. हॅम हाउस या १६१० सालच्या वाड्यापाशी नदीकाठी गाड्या लावायची जागा आहे. थेम्सला तिथपर्यंत भरतीचा फुगवटा येतो आणि मोठ्या भरतीला रस्ताच पाण्याखाली जातो. पाटी लावलेली असते, तरी कुणीतरी गाडी ठेवतंच. एका रविवारी आम्ही असाच अडकलेला एक माणूस बघत उभे होतो. बाबांनी पाण्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘काल अमावास्या होती ना?’ होती. वाशिष्ठीकाठी जन्म काढलेल्या माणसाला भरती शिकवावी लागत नाही. त्या दिवसापासून शेजारचे ब्रिटिश आजोबा नदीकडे निघताना आमची बेल वाजवून विचारतात, ‘तुमचे बाबा काय म्हणतात?’ बाबा चिपळूणला असले तर मी कालनिर्णय बघून सांगते.

तर सासूबाईंना करमणं हे बऱ्याच अंशी त्या चालतात किती यावर आहे. गुडघे बरे असतील तर उत्तम. नदीकाठाने पीटरशॅमच्या कुरणापर्यंत गेलं की चरणाऱ्या गायी दिसतात, आणि होडीने पलीकडच्या काठावरच्या मार्बल हिल बागेतही जाता येतं. पार्कात पेंब्रोक लॉज आहे, तिथे तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेलचं बालपण गेलं. त्याच्या आवारातल्या टेकाडावरून, झाडीत मुद्दाम राखलेल्या फटीतून, दहा मैलांवरचा सेंट पॉल्स कॅथीड्रलचा घुमट दिसतो. चालवत नसेल तर मात्र स्पष्ट सांगते, हाउन्स्लो सोडू नका. तिथे त्या खाली उतरून कोथिंबीर आणू शकतात, चार बायका हिंदी-पंजाबीत बोलतात. इथे दुपारी खिडकीतून पोस्टमन आणि कुत्री फिरवणारे दिसतात, बास.

वाणसामानाला आम्ही अजूनही तुमच्याच गावात येतो, रिचमंडहून एच-३७ बस पकडून. कढीपत्ता, चांगली तूरडाळ, गणपतीच्या आधी मोदकाची पिठी. महाराष्ट्र मंडळ डॉलिस हिलला. १९३२ पासूनची संस्था, पण हॅमहून जायचं तर ६५, मग वेस्ट हॅम्पस्टेडपर्यंत ट्रेन आणि पुढे ज्युबिली लाइनची ट्यूब. सव्वा तास सहज मोडतो. आरतीला पोचायचं तर घरून निघतानाच भूक लागलेली असते.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण नवीन माणसाला सगळ्यात जड तीच जाते. अंधार. डिसेंबरात चारच्या आधी सूर्य मावळतो. पार्कात दिवे नाहीत आणि गाड्यांची फाटकंही अंधार पडताना बंद होतात. जानेवारीत रात्री कोल्ही ओरडते तेव्हा अंगणात कुणी बाई किंचाळतेय असं वाटतं. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो आणि पार्कातल्या इझाबेला प्लँटेशन बागेतली अझेलियाची फुलं तर एप्रिल-मेमध्ये वेड लावतात, पण एजंट घरं दाखवतात तीही नेमकी तेव्हाच.

म्हणून मे महिन्यात आवडलेल्या घराची सही लगेच करू नका. नोव्हेंबरात, आठवड्याच्या मधल्या दिवशी, रिचमंडहून ६५ ने निघा, सासूबाईंना घेऊन. बसला किती वेळ लागतो ते बघा. उतरून कॉमनमधून हॅम गेटपर्यंत चालत जा आणि तसेच परत या. टॉर्च न्या.