'वैद्यकीय गांजा' की 'औषधी गांजा'?

प्रश्न : कर्करुग्णांना 'मेडिकल मारिजुआना' द्यावा की नाही, या वादावर लेख लिहितो आहे. मराठीत 'वैद्यकीय गांजा' लिहावे की 'औषधी गांजा'? 'कॅन्सरवर गांजाचा उपचार' हे शीर्षक चालेल का?

'वैद्यकीय गांजा' लिहा. 'औषधी' म्हटले की गुण वनस्पतीचा होतो. गांजाची एखादी वेगळी, निर्धोक जात असावी असा समज होतो. प्रत्यक्षात झाड तेच. वैद्यकीय रजा म्हणजे वैद्यकीय कारणासाठी घेतलेली रजा, तसाच हा वैद्यकीय कारणासाठी वापरलेला गांजा. मारिजुआनाला 'भांग' म्हणू नका. भांग पानांची, चरस राळेचा आणि गांजा मादी झाडाच्या वाळवलेल्या फुलोऱ्यांचा. मारिजुआनाच्या सर्वांत जवळ गांजाच येतो.

गोळ्यांचे मात्र वेगळे. ड्रोनाबिनॉल आणि नॅबिलोन ही प्रयोगशाळेत तयार केलेली औषधे. केमोथेरपीने होणारी मळमळ-उलटी नेहमीच्या औषधांना दाद देत नसेल तेव्हा वापरण्यासाठी त्यांना अमेरिकेत १९८५ मध्ये मान्यता मिळाली. त्यांना गांजा म्हणणे चूकच. नावानेच लिहा, किंवा एकत्रित उल्लेखासाठी 'कॅनाबिनॉइड औषधे' म्हणा (कॅनाबिनॉइड म्हणजे गांजातली किंवा त्यांच्यासारखी रसायने). बरेच वाद इथेच फसतात : एक जण मोजून दिलेल्या गोळीबद्दल बोलत असतो, दुसरा चिलमीबद्दल.

शीर्षक मात्र बदलाच, अशी कळकळीची विनंती. मराठीत 'तापावर औषध', 'खोकल्यावर काढा' म्हटले की तो आजार हटवणारे औषध असाच अर्थ लागतो. 'कॅन्सरवर गांजाचा उपचार' वाचणाऱ्याला गांजाने गाठ विरघळते असेच वाटेल. माणसात तसे सिद्ध झालेले नाही. अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी या कर्करोगतज्ज्ञांच्या संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचना तर वैद्यकीय चाचण्यांबाहेर, कर्करोगावरचा उपचार म्हणून गांजा वापरू नये असेच सांगतात. हटवादी मळमळीसाठी, इतर औषधांच्या जोडीला, कॅनाबिनॉइडचा विचार करायला त्या मुभा देतात. घाबरलेले कुटुंब शीर्षकावर विसंबून केमोथेरपी टाळू शकते. त्या एका 'वर' प्रत्ययाची किंमत इतकी मोठी आहे.

तुमच्या मजकुरात 'कर्करोगाची लक्षणे' असेही आले असेल, तर तेही तपासा. केमोथेरपीनंतरची मळमळ हे रोगाचे लक्षण नव्हे, तो उपचाराचा दुष्परिणाम. वेदना कधी गाठीमुळे, कधी शस्त्रक्रियेमुळे. भूक मरण्याची कारणे आणखी निराळी. या सगळ्याला मराठीत 'त्रास' हा साधा शब्द आहे आणि रुग्ण स्वतः तोच वापरतो. शिवाय पुरावाही प्रत्येक त्रासाचा वेगळा आहे : मळमळीसाठी बऱ्यापैकी, कर्करोगाच्या वेदनांसाठी कमकुवत. 'लक्षणे' हा सरसकट शब्द हा फरक झाकून टाकतो.

'गांजा' शब्दाला 'गांजेकस'चा डाग आहे, म्हणून 'कॅनाबिस' लिहावे असे काहींचे मत आहे. मला ते पटत नाही. गुंगी, चक्कर, गोंधळ हे परिणाम वैद्यकीय वापरातही होतात, आणि 'कॅनाबिस' वाचून ते कुणाच्या लक्षात येणार नाहीत. रुग्णाने काय घेतले हे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे, यासाठीही दोघांना कळणारा शब्द हवा.

शीर्षकासाठी सुचवतो : 'कर्करुग्णांचा त्रास कमी करण्यासाठी वैद्यकीय गांजा : वाद आणि पुरावा'.