दीड वर्ष गॅरेजमध्ये उभी असलेली पेट्रोल गाडी परत कशी चालू करायची, आणि पुढे कमी वापरात कशी सांभाळायची?

तुम्ही खरं तर दोन गोष्टी विचारल्यात. दीड वर्ष बंद असलेली वडिलांची गाडी आता चालू कशी करायची ही एक, आणि पुढे महिन्यातून एक-दोनदाच वापर होणार असेल तर "दर रविवारी पाच मिनिटं चालू करून ठेवायची, बास" असं जे तुम्हाला सांगितलंय ते बरोबर आहे का ही दुसरी. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, नाही, तसं करू नका, का ते खाली लिहिलंय. मी काही मेकॅनिक नाही, पण घरातल्या आणि नात्यातल्या अशा उभ्या राहिलेल्या गाड्या परत रस्त्यावर आणायचं काम फिरून फिरून माझ्याकडेच येतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट म्हणजे लगेच किल्ली फिरवू नका. चालू होते का बघू तरी, असं प्रत्येकाला वाटतंच, पण बॅटरी जोडायच्याही आधी बोनेट उघडून टॉर्च घेऊन नीट बघा, कारण बंद गाडी उंदरांना फार आवडते. एअर फिल्टरचा डबा उघडा, त्यात कागदाचे कपटे, कापूस, फोमचे तुकडे सापडले तर नवल वाटून घेऊ नका. वायरींचं वरचं प्लास्टिक कुरतडलंय का ते बघा, तांबं उघडं पडलेलं दिसलं तर ते दुरुस्त होईपर्यंत बॅटरी जोडायचीच नाही, शॉर्ट होऊन आग लागू शकते. एसीचा केबिन फिल्टर बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डच्या कप्प्यामागे असतो, तोही काढून बघा. लेंड्या दिसल्या तर कोरड्या झाडू नका, मास्क आणि हातमोजे घालून आधी जंतुनाशकाने ओल्या करा आणि मग पुसून घ्या. आणि उंदीर आत जाऊ नयेत म्हणून कोणी सायलेन्सरच्या तोंडात फडकं कोंबून ठेवलंय का ते बघा, असेल तर काढा, हसू नका, लोक ठेवतात आणि विसरतात.

आता बॅटरी. दीड वर्षात ती मेलेलीच असणार असं धरून चाला. गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म, कॉम्प्युटरची मेमरी हे सगळं थोडा थोडा करंट खातच असतं, साधारण 50 मिलिअँपपर्यंत नॉर्मल मानतात, म्हणजे दिवसाला 1.2 अँपिअर-तास, म्हणजे 45 अँपिअर-तासाची चांगली भरलेली बॅटरी सव्वा महिन्यात रिकामी, आणि सेल्फ उचलणं तर त्याच्या बरंच आधी बंद होतं. मल्टिमीटर असेल तर मोजा, 12.6 व्होल्टच्या आसपास म्हणजे फुल, 12.2 म्हणजे अर्धी, 12 च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. रिकामी बॅटरी नुसती पडून राहिली की आतल्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि मग ती कितीही चार्ज केली तरी धरत नाही. तरी एकदा काढून चार्जरवर सावकाश चार्ज करून बघा, क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याएवढा करंट पुरे, रात्रभर तशीच ठेवून सकाळी परत मोजा, व्होल्टेज 12.6 च्या बरंच खाली आलं असेल तर तिच्यावर वेळ घालवू नका, नवीन घ्या. जंप स्टार्ट करून भागवायचं म्हणाल तर गाडी चालू होईल कदाचित, पण पूर्ण मेलेली बॅटरी भरून काढणं हे अल्टरनेटरचं (इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या भागाचं) काम नाही, त्याच्यावर फुकटचा लोड येतो, शिवाय हल्लीच्या गाड्यांत व्होल्टेज कमी पडलं की एबीएस, स्टिअरिंग, एअरबॅग असे वाट्टेल ते दिवे लागतात आणि माणूस घाबरून नसलेला बिघाड शोधत बसतो. जंप करावाच लागला तर शेवटची काळी क्लिप मेलेल्या बॅटरीच्या मायनसला न लावता तिच्यापासून लांब इंजिनच्या उघड्या धातूला लावा, बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि क्लिप लावताना ठिणगी पडते.

पेट्रोलचा वास घ्या. ताजं पेट्रोल नाकात झणझणतं, जुनं झालं की व्हार्निशसारखा आंबूस वास येतो, कारण त्यातले हलके घटक उडून गेलेले असतात, आणि नेमके तेच थंड इंजिन पेटवायला लागतात. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल असेल तर अजून एक भानगड, ते हवेतलं पाणी ओढतं आणि प्रमाणाबाहेर पाणी झालं की इथेनॉल आणि पाणी दोन्ही वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात, आणि पंप तर तळातूनच ओढतो. टाकीत थोडंच शिल्लक असेल आणि वास बरा असेल तर वरून ताजं टाकून चालवून टाका. वास बिघडलेला असेल किंवा टाकी अर्ध्याच्या वर जुन्या पेट्रोलने भरलेली असेल तर मेकॅनिककडून रिकामी करून घ्या, बंद गॅरेजमध्ये स्वतः नळी लावून काढायच्या भानगडीत पडू नका. (डिझेल गाडी असती तर फ्युएल फिल्टरमधलं पाणी काढून टाका म्हटलं असतं, तुमची नाहीये म्हणून सोडतो.)

ऑइल डिपस्टिकवर बघा. लेव्हल ठीक हवी, दुधाळ रंग नको, पेट्रोलचा वास नको. काही लोक चालू करायच्या आधीच ऑइल बदला म्हणतात, माझं मत असं की लेव्हल आणि रंग ठीक असेल तर आधी चालू करून इंजिन गरम होऊ द्या आणि त्याच दिवशी बदला, गरम ऑइल घाण घेऊन पूर्ण खाली उतरतं. कूलंट इंजिन थंड असतानाच बघायचं.

आता किल्ली. शक्य असेल तर गाडी ढकलून गॅरेजच्या बाहेर आणा आणि मगच चालू करा, बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला ना रंग ना वास, कळेपर्यंत उशीर होतो. दीड वर्षात सगळं ऑइल खाली सम्पमध्ये (इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात) उतरलेलं असतं, वर बेअरिंगांवर आणि कॅमवर फारसं काही उरत नाही, म्हणून पहिल्यांदा इंजिन न पेटवता थोडं फिरवलेलं चांगलं. बऱ्याच इंजेक्शनवाल्या पेट्रोल गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला की कॉम्प्युटर पेट्रोल बंद ठेवतो, तुमच्या गाडीत तसं आहे का ते मॅन्युअलमध्ये बघा, नसेल तर पंपाचा फ्यूज काढूनही करता येतं. पाच-सात सेकंद सेल्फ, मग थोडं थांबायचं, मग परत एकदा, आणि मग नेहमीसारखी चालू करा. ऑइलचा लाल दिवा दोन-चार सेकंदांत विझला पाहिजे, नाही विझला तर लगेच बंद. सुरुवातीला थोडी टकटक, थोडा धूर, सायलेन्सरमधून पाण्याचे थेंब, हे चालतं. रेस करू नका, उगाच गुरगुरवायची गरज नसते.

इथपर्यंत आले की लोकांना वाटतं जिंकलो, आणि थेट रस्त्यावर काढतात. माझ्या मते खरी तपासणी इथून पुढे आहे, कारण चालू न होणारी गाडी कोणाचं काही बिघडवत नाही, न थांबणारी बिघडवते. हँडब्रेक ओढून ठेवला होता का? तसं असेल तर मागचे शू ड्रमला किंवा पॅड डिस्कला चिकटलेले असण्याची बरीच शक्यता आहे. हँडब्रेक सोडून पहिल्या गिअरमध्ये हळूच पुढे, मग रिव्हर्समध्ये हळूच मागे, खट्ट असा आवाज येऊन सुटतात बऱ्याचदा. नाही सुटले तर जोर लावून ओढू नका, शूचं लायनिंग उखडून येतं, चाक काढूनच बघावं लागतं. डिस्कवरचा लालसर गंज दिसायला भीतीदायक असतो पण वरवरचा असेल तर पाच-दहा ब्रेकमध्ये घासून जातो, घासूनही कर्र कर्र येत राहिलं किंवा पेडल थरथरलं तर डिस्कला खड्डे पडलेत समजा. त्याहून वाईट म्हणजे कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना जाम होणं, ते बाहेरून दिसत नाही, पण थोडं चालवून झाल्यावर एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं लागतं (हात रिमला चिकटवू नका, जवळ नेला तरी कळतं) किंवा ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते. ब्रेक ऑइल तर गाडी उभी असली तरी म्हातारं होतं, हवेतला ओलावा शोषत राहतं, डॉट 4 या ग्रेडचं नवीन ब्रेक ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही पण पाणी शोषलेल्याची हीच किमान मर्यादा 155 वर येते, आणि उतारावर ब्रेक तापून ते उकळलं की पेडल सरळ खाली जातं. म्हणून दर दोन वर्षांनी बदलतात, किलोमीटर कितीही झालेले असोत. तुमचं कधी बदललंय माहीत नसेल तर बदलून टाका.

टायरमध्ये हवा भरून घ्या, स्टेपनीतही. टायरच्या बाजूवर (साइडवॉलवर) DOT अशी इंग्रजी अक्षरं असलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. दहा वर्षांच्या वर गेले असतील तर नक्षी कितीही नवी दिसू दे, काढून टाका, आणि बाजूला बारीक भेगा दिसल्या तर त्याच्या आधीही. एकाच जागी उभं राहून टायर चपटे होतात, पहिले काही किलोमीटर धडधड जाणवते, टायर गरम झाल्यावर गेली तर ठीक, पण दीड वर्षाने कायमची राहण्याचीही शक्यता आहे.

पहिली फेरी घराजवळच, रिकाम्या रस्त्यावर, कमी वेगात.

आता त्या रविवारच्या पाच मिनिटांबद्दल. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. इंजिन आणि सायलेन्सर चांगले तापलेले असले की ती वाफ बाहेर निघून जाते, पण पाच मिनिटांत काहीच तापत नाही, मग ते पाणी सायलेन्सरमध्ये साचून त्याला आतून गंज लावतं, थोडं रिंगांमधून खाली ऑइलमध्ये जातं, थंड इंजिनमध्ये जास्तीचं जाणारं पेट्रोलही त्याच वाटेने जातं. सेल्फने खाल्लेली बॅटरी आयडलवर नीट भरून येत नाही. आणि चाकं तर हललेलीच नसतात, म्हणजे ब्रेक, टायर, गिअरबॉक्स यांना शून्य फायदा. म्हणजे इंजिनचं थोडं नुकसान करून समाधान मिळवायचं असा तो प्रकार आहे. त्यापेक्षा दोन आठवड्यांतून एकदा अर्धा तास बाहेर काढा, टेंपरेचरचा काटा वर आल्यावरही चालवत राहा कारण ऑइल कूलंटच्या बरंच नंतर गरम होतं, मोकळ्या रस्त्यावर थोडा वेग द्या, चार-पाच ब्रेक जरा जोरात मारा, एसी दहा मिनिटं चालवा म्हणजे कॉम्प्रेसरच्या सीलला ऑइल मिळत राहतं. तेवढं जमणार नसेल तर सरळ उभी ठेवा आणि बॅटरीला मेंटेनर चार्जर लावा, आपोआप बंद-चालू होणारा घ्या, साधा चार्जर महिनोन्महिने लावून ठेवायचा नसतो. उभी करताना टाकी भरलेली ठेवा म्हणजे आत हवा आणि ओलावा कमी, दोन-तीन महिन्यांच्या वर राहणार असेल तर फ्युएल स्टॅबिलायझर (पेट्रोल लवकर खराब होऊ न देणारं द्रव) टाका, टायरमध्ये हवा थोडी जास्त, हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये ठेवून चाकाला पुढून-मागून ठोकळे. ऑइल वर्षातून एकदा बदलायचं, हजार किलोमीटरच झाले असले तरी.

एक राहिलं, टाइमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनमधले व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ राखणारा पट्टा. तुमच्या गाडीत बेल्ट आहे की चेन ते मॅन्युअलमध्ये बघा, बेल्ट असेल तर तिथे किलोमीटरसोबत वर्षंही दिलेली असतात, आणि कमी चाललेल्या गाडीचे मालक नेमकं ते वाचत नाहीत. पुष्कळ इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतात. वर्षं उलटून गेली असतील तर पहिली लांबची चक्कर मारायच्या आधीच बदलून घ्या, आणि बेल्ट काढलेलाच असतो तर वॉटर पंपही त्याच वेळी बघायला सांगा.