तालमीतली नजर आणि बारा हजार डॉलर

एडिसन, न्यू जर्सीहून एका वाचकाचं पत्र आहे, थोडक्यात असं: "वय ३१, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहे, पगार १,१८,००० डॉलर. वडील सांगलीला तालमीत वस्ताद होते, त्यामुळे कुस्ती लहानपणापासून पाहत आलोय. गेल्या आठ महिन्यांत यूएफसीच्या (कुस्ती, ठोसे, लाथा सगळं चालणाऱ्या) लढतींवर ७४ पैजा लावल्या आणि १,८४० डॉलर कमावले. बचत खात्यात २१,००० नुसते पडून आहेत. त्यातले १२,००० वेगळे काढून हे पद्धतशीर करावं म्हणतो. पैजांचा हिशेब आणि पगारपत्रक जोडलं आहे. बाबांना यातलं काही माहीत नाही."

तुमची फाइल मी ओळ न् ओळ वाचली. आधी निकाल सांगते: १२,००० काढू नका. कारणं मात्र तुम्हाला वाटतात ती नाहीत. कायद्याचा तर प्रश्नच नाही. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने मे २०१८ मध्ये खेळांवरच्या पैजांबाबत तुमच्याच राज्याच्या बाजूने निकाल दिला आणि महिन्याभरात तिथल्या मॉनमथ पार्क रेसकोर्सवर पहिली अधिकृत पैज लागली. संस्कारांवर प्रवचनही देणार नाही.

पहिली गोष्ट, तो १,८४० चा आकडा. त्यात ७०० डॉलर ॲपने दिलेल्या बोनस पैजांचे आहेत. नव्या गिऱ्हाइकाला घातलेला तो गूळ, दर वर्षी मिळत नाही. १,३०० डॉलर एकाच पैजेचे आहेत, अधिक ६५० भावाच्या (म्हणजे १०० लावून ६५० मिळणार अशा) एका दुबळ्या मल्लावर लावलेल्या २०० चे. हे दोन बाजूला ठेवले तर उरलेल्या पैजांत तुम्ही १६० डॉलर तोट्यात आहात. "ती मोठी पैज का वगळायची, ती मीच ओळखली होती," असं तुम्ही म्हणाल. मान्य. पण ७४ पैजांत अशी एक लागणं हे कौशल्य की योग, हे ७४ पैजांवरून कुणालाच सांगता येणार नाही. मलाही नाही. आमच्या गल्लीतल्या सलूनमध्ये एक गृहस्थ मटक्याचे लागलेले आकडे खडूने भिंतीवर लिहायचे. न लागलेल्यांना भिंत पुरली नसती.

आता तालमीतली नजर. ती खोटी नाही. पट काढणारा, खाली घेऊन दाबून ठेवणारा मल्ल या खेळात भारी पडतो, हे यूएफसीचा चॅम्पियन खबीब नुरमागोमेदोव २९ लढती खेळून एकही न हरता निवृत्त झाला तेव्हा साऱ्या जगाने पाहिलं. अडचण नेमकी तीच आहे, जगाने पाहिलं. तुमच्या डोळ्यांना दिसतं ते भावात आधीच धरलेलं असतं. कोण जिंकेल हे ओळखून भागत नाही, भाव चुकलाय का हे ओळखावं लागतं. तो धंदा वेगळा.

भावाचं गणित पाहा. एका बाजूला उणे १५०, दुसऱ्या बाजूला अधिक १३०. उणे १५० म्हणजे १५० लावून १०० मिळणार, तेव्हा बरोबरीत राहायला १०० पैकी ६० वेळा जिंकायला हवं. दुसऱ्या बाजूला साडेत्रेचाळीस वेळा. बेरीज साडेतीन टक्क्यांनी शंभराच्या वर जाते. ती ॲपवाल्याची दलाली, जिला तिकडे व्हिग म्हणतात. साडेतीन टक्के किरकोळ वाटतात, पण तुमच्या फाइलीत निम्म्या पैजा पार्लेच्या आहेत, म्हणजे अनेक लढती एकत्र बांधलेल्या, सगळ्या लागल्या तरच पैसे. उणे ३०० चे चार 'हमखास' मल्ल एकत्र बांधले की १०० चे ३१६ होतात. प्रत्येकाची खरी शक्यता ७२ टक्के धरली तर चौघंही जिंकण्याची शक्यता २७ टक्क्यांच्या आतबाहेर. म्हणजे लावलेल्या प्रत्येक १०० मागे सरासरी ८५ परत. एवढी दलाली तुम्ही म्युच्युअल फंडाला दिली असती का?

आणि हमखास कोण? ऑगस्ट २०२२, सॉल्ट लेक सिटी. तेव्हाचा चॅम्पियन कमारू उस्मान गुणांवर पुढे, शेवटच्या फेरीचं मिनिटभरही उरलेलं नाही, आणि लिऑन एडवर्ड्सची एक लाथ डोक्यावर बसते. चीतपट. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लास वेगासच्या एका लढतीआधी भाव संशयास्पद हलले. एका मल्लाची दुखापत लपवल्याचं पुढे आलं आणि न्यू जर्सीने त्याच्या प्रशिक्षकाशी संबंधित लढतींवर पैजा घेणं बंद केलं. गुडघा दुखतोय हे ज्यांना ठाऊक असतं, त्यांच्यासमोर तुम्ही एडिसनला सोफ्यावर बसून पैसे लावता.

कराकडे तुम्ही पाहिलेलंच दिसत नाही. समजा वर्षात १०,००० जिंकलात आणि १०,००० हरलात. हातात शून्य. पण फेडरल करासाठी जिंकलेले सगळे उत्पन्नात धरतात. हरलेले वजा करायचे तर स्टँडर्ड डिडक्शनवर, म्हणजे सरसकट मिळणाऱ्या वजावटीवर, पाणी सोडावं लागतं, जे भाड्याच्या घरात राहणाऱ्या तुम्हाला एवढ्या रकमेसाठी बहुधा परवडणार नाही. २२ टक्के धरा, २,२०० डॉलर कर, न कमावलेल्या पैशावर. शिवाय २०२६ पासून तोट्याचेही फक्त ९० टक्केच धरले जातात. न्यू जर्सी राज्याच्या करात हरलेले जिंकलेल्यांतून वजा होतात, तेवढाच दिलासा.

ते २१,००० 'पडून' नाहीत. तुमचा महिन्याचा खर्च ३,४०० आहे, म्हणजे सहा महिन्यांची शिदोरी. १२,००० काढले तर पावणेतीन महिनेही पुरणार नाहीत. एच-वन-बीवर नोकरी गेली तर नवी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. त्यात घराचा करार मोडणं, वकील, वेळ आलीच तर मुंबईचं तिकीट. हा पैसा तुम्हाला तिथे टिकवणारा आहे.

पगारपत्रकात मला याहून मोठी गोष्ट दिसली. कंपनी तुमच्या फोर-ओ-वन-के, म्हणजे निवृत्तीच्या खात्यात तुम्ही भरलेल्या पगाराच्या पहिल्या सहा टक्क्यांवर डॉलरला पन्नास सेंट भर घालते. तुम्ही दोनच टक्के भरता. उरलेले चार टक्के म्हणजे वर्षाला ४,७२० भरलेत तर कंपनी २,३६० घालेल. ७४ पैजा, आठ महिन्यांची जागरणं आणि १,८४०. इकडे एक फॉर्म आणि २,३६०.

खेळ सोडा असं म्हणत नाही. महिन्याला ५० डॉलर, तिकीट काढून आखाडा पाहिल्यासारखे, आणि ॲपमध्ये जमा करण्याची मर्यादा तेवढीच लावा. पार्ले बंद. क्रेडिट कार्डावरून तर भरूच नका. बऱ्याच बँका ते रोख उचल धरतात आणि व्याज पहिल्या दिवसापासून चालू होतं.

एक मात्र मला खटकलं. फाइलीत तीन शनिवार असे आहेत की रात्री बारानंतर हरल्यावर ५० ची पैज थेट २५० ची झाली आहे. तिन्ही वेळा शेवटच्या लढतीवर. हे पुन्हा घडलं तर ५० ची सूटही रद्द समजा. राज्याच्या यादीत स्वतःचं नाव घालून वर्षभर किंवा पाच वर्षं सगळी ॲप्स बंद करता येतात, आणि १-८००-गॅम्बलर या क्रमांकावर बोलायला संकोच करू नका.

सोमवारी एचआरचा फॉर्म भरा. पुढच्या पगारपत्रकावर सहा टक्के दिसले की मला पाठवा, मग उरलेल्या बचतीचं बोलू.