विचारा नानांना : मित्राने नॉर्वेला बोलावलंय, डोंगरातल्या केबिनपर्यंत चालवेल का?

प्रश्न : नमस्कार नाना. मी चोपड्याचा, वय 49, कृषी केंद्राचं दुकान आहे. माझा शाळेपासूनचा मित्र बारा वर्षांपासून ओस्लोला असतो, दर दिवाळीला फोन करून म्हणतो ये रे ये रे, तर यंदा ऑगस्टमध्ये जायचं पक्कं केलंय. पण परवा त्याने व्हॉट्सॅपवर सांगितलं की आपण ट्रेनने फिन्सेला जाऊ आणि तिथून डोंगरातून चालत एका केबिनवर मुक्कामाला जाऊ, "फक्त पाच तास आहेत, आरामात." मी हो हो म्हणून टाकलं. आता झोप लागत नाही. वजन 86 किलो, रोजचं चालणं म्हणजे घर ते दुकान. त्यात शुद्ध शाकाहारी. बायको म्हणते मित्राला भेटायला चाललात की वनवासाला? जमेल का मला? आणि नाही म्हणायचं तर कसं म्हणू?
(एक वाचक, चोपडा)

उत्तर : भाऊ, खताच्या ऐन सीझनमध्ये दुकान सोडून चाललात म्हणजे मित्र खरंच जवळचा दिसतोय. तुमच्या पत्रात वजन, वय, शाकाहार सगळं आलं, पण खरी अडचण एकाच वाक्यात आहे, "मी हो हो म्हणून टाकलं." मीही हेच केलं होतं. रिटायर झाल्यावर भुसावळहून गेलो होतो, माझाही वर्गमित्र तिकडेच, त्यानेही पाच तासच सांगितले होते, आणि मला लागले साडेसात.

तो खोटं बोलला नव्हता बरं का. तिकडे वाटेच्या ज्या वेळा सांगतात त्या चालत्या पायाच्या असतात, बसणं, डबा खाणं, बुटाची लेस बांधणं, फोटो काढणं हे त्यात धरलेलं नसतं. शिवाय हे लोक लहानपणापासून रविवारी डोंगरातच जातात, आणि तुमचा मित्र बारा वर्षांत त्यांच्यातलाच झालाय, हे तो स्वतःही विसरलेला असतो. माझा मित्र दोनशे पावलं पुढे जायचा, दगडावर बसून माझी वाट बघायचा, आणि मी धापा टाकत पोचलो रे पोचलो की उठून चालायला लागायचा. म्हणजे विश्रांती सगळी त्याला आणि मला शून्य. शेवटी मी त्याला म्हटलं, भो, आता तू माझ्या मागे चाल. तिथून पुढे जरा सुख लागलं. तुम्ही पहिल्या पावलापासूनच हे करा, ज्याचा वेग कमी तो पुढे.

आता जागेबद्दल. फिन्से हे बर्गन लाइनवरचं स्टेशन, 1222 मीटरवर, नॉर्वेच्या रेल्वेतलं सगळ्यात उंच. गाडीरस्ता तिथे जातच नाही, ट्रेननेच उतरायचं. ही लाइन 1909 ला सुरू झाली. आमच्यासारख्या रेल्वेवाल्याला तर तिथे प्लॅटफॉर्मवरच दोन तास काढता येतात, पण ते असो. समोर हिमनदी दिसते आणि ऑगस्टमध्येही वारा असा लागतो की आपला जानेवारी त्याच्यापुढे उन्हाळा वाटावा. आपण 45 डिग्रीत तावून निघालेली माणसं, उन्हाचं आपल्याला काही शिकवायला नको. पण ओलं होऊन वाऱ्यात उभं राहणं ही गोष्ट आपल्या अंगाला माहीतच नाही. माणूस तिथे थंडीपेक्षा ओलाव्याने गारठतो. मी आत सुती बनियन घातलं होतं, चढावर घामाने भिजलं, वरून पाऊस आला, आणि खिंडीत पाच मिनिटं थांबलो तर दात वाजायला लागले. मित्राने त्याच्या सॅकमधलं लोकरीचं काढून दिलं तेव्हा कुठे जीवात जीव आला. म्हणून सुती बनियन आणि जीन्स ओस्लोतच ठेवा. अंगाला लागून लोकरीचं किंवा सिंथेटिक, वरून रेनकोट, रेनपँट, आणि हसू नका, ऑगस्टमध्येही कानटोपी आणि हातमोजे. यातलं बरंचसं मित्राकडे जास्तीचं असेल, उगाच इथून विकत घेऊन जाऊ नका. बूट मात्र स्वतःचे हवेत आणि ते आजपासून घालायला लागा, नवा बूट घालून डोंगरात गेलेल्या माणसाची टाच बघवत नाही.

केबिन म्हटलं की आपल्याला साहेबाची केबिन आठवते, वहिनींनाही तसंच वाटलं असेल. तिकडे त्याला हिट्टे म्हणतात. बऱ्याच हिट्टे तिथल्या पर्यटक संघाच्या आहेत, त्याला डीएनटी म्हणतात, 1868 सालची संस्था, आणि देशभर त्यांच्या साडेपाचशेच्या वर हिट्टे आहेत. त्यात तीन प्रकार. एकात माणसं कामाला असतात, रात्रीचं जेवण ठरल्या वेळी सगळ्यांना एकत्र, सकाळी नाश्ता, आणि नाश्त्याच्या टेबलावरच ब्रेडचा डबा बांधून घ्यायचा, थर्मास भरून घ्यायचा. दुसऱ्यात कोणी नसतं, सभासदाकडे किल्ली असते, त्याने कुलूप उघडायचं, कोठीत डबे-पिठं-ओट्स ठेवलेले असतात त्यातलं रांधून खायचं, लाकडं फोडायची, पाणी आणायचं, भांडी घासायची, आणि जे वापरलं त्याचे पैसे स्वतःच हिशोब करून भरायचे. विचारायला कोणी येत नाही! मी हे आमच्या कट्ट्यावर सांगितलं तर कोणाचा विश्वास बसेना. तिसऱ्यात छप्पर, अंथरूण आणि चूल, खायचं आपलं आपण न्यायचं.

तुमच्या मित्राला पहिलं हे विचारा की मुक्काम यातल्या कोणत्या प्रकारात आहे. फिन्सेहून उत्तरेला गाइटेरिगची हिट्टे पंधरा-सोळा किलोमीटरवर आहे, आम्ही तिथेच गेलो होतो, ती पहिल्या प्रकारातली. बहुतेक तुमचा मित्र तीच म्हणत असणार. वाट सापडते, दगडांच्या ढिगाऱ्यावर लाल रंगाने इंग्रजी टी काढलेला असतो, एका टीपासून पुढचा टी दिसला पाहिजे, धुक्यात दिसला नाही तर पुढे जायचं नाही. पण वाट म्हणजे पायवाट असं समजू नका. बरीचशी दगडावरून दगडावर आहे, मध्येच दलदल, मध्येच उन्हाळ्यातही न वितळलेला बर्फ. पायाचे स्नायू नाही तर घोटे आणि गुडघे दमतात, आणि ते उतारावर. ज्याने दिवाळीत अस्तंब्याची यात्रा केलीय त्याला मी काय म्हणतो ते कळेल, चढताना देव आठवतो आणि उतरताना गुडघे.

दोन-अडीच महिने हातात आहेत असं धरतो. रोज पहाटे तासभर चाला, आणि रविवारी सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून सात-आठ किलो वजन करा आणि मनुदेवीला, नाहीतर पालला जा. चढण्यापेक्षा उतरायची सवय करा. घरी जिना असेल तर तोच, वहिनी हसतील, हसू द्या. बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी स्पष्ट सांगा की असं असं चालायचंय. आणि जाण्याआधी एकदा सलग पाच तास वजन घेऊन चालून बघा. ते जमलं नाही तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालंच.

नाही कसं म्हणायचं, तर पूर्ण नाही म्हणूच नका. फिन्सेतच डीएनटीची हिट्टे आहे, स्टेशनपासून अगदी जवळ. मित्राला म्हणा पहिला मुक्काम तिथे करू. पहिल्या दिवशी रालारवेगन नावाच्या रस्त्यावर चालू, तो रेल्वे बांधणाऱ्या मजुरांसाठी केलेला जुना कच्चा रस्ता आहे, आता त्यावर लोक सायकली चालवतात, चढउतार बेताचे, आणि दमलं की मागे फिरायचं, बस. संध्याकाळी यर नावाच्या ॲपवर हवामान बघायचं, पाय कसे आहेत ते बघायचं, मग दुसऱ्या दिवशीचं ठरवायचं. हे वाचून त्याला वाईट वाटेल अशी भीती असेल तर सांगतो, डोंगरात कसं वागायचं याचे नऊ नियम तिकडे शाळेतल्या पोरांनाही पाठ असतात, आणि त्यातला एक असा आहे की वेळेवर मागे फिरा, मागे फिरण्यात लाज नाही. तुमच्या मित्राने तो शंभरदा ऐकलाय. तुम्ही त्याला तोच ऐकवा.

जेवणाचं. बुकिंग करतानाच शाकाहारी म्हणून सांगायला लावा, तिथे गेल्यावर सांगितलं तर बटाटे आणि ब्रेडवर भागवावं लागेल. त्यांचं ब्राउन चीज जरूर खाऊन बघा, तपकिरी रंगाचं, गोडसर, कढईच्या तळाचा खवा खरवडून खातो ना, थेट तसं लागतं. मला आवडलं, माझ्या बायकोने एक घास घेऊन ताट सरकवलं. वाटेत खायला शेंगदाणे, गूळ, लसणाची कोरडी चटणी न्या. पण इथून तूप, पेढे, खवा, पनीर नेऊ नका, युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, कस्टमवाले काढून घेतात. आणि मसाल्यासाठी म्हणून सुक्या खोबऱ्याच्या वाट्या बॅगेत टाकायची आपल्याकडे सवय आहे, त्या विमानात चालत नाहीत, ते पटकन पेट घेणाऱ्या मालात धरतात. पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनला नाही.

बाकी बारीकसारीक. हिट्टेत शिरताना बूट बाहेरच्या खोलीत काढायचे, ओले कपडे वाळवायच्या खोलीत टांगायचे. अंथरूण-पांघरूण असतं पण आत शिरायला चादरीची पिशवी आपली लागते, वहिनींना सांगा जुन्या डबल बेडशीटची शिवून देतील, मीही तीच नेली होती. तिथल्या वहीत नाव लिहायचं आणि उद्या कुठे चाललो तेही लिहायचं, कोणी हरवलं तर शोधणारे आधी ती वही बघतात. मोबाइलला रेंज बऱ्याच ठिकाणी नसते, म्हणून घरी आधीच सांगून ठेवा की दोन दिवस फोन लागणार नाही, नाहीतर वहिनी रात्रभर जाग्या. आणि हिट्टेचं बिल निम्मं तरी तुम्ही भरा. तो नको म्हणेल. नॉर्वेत महागाई फार आहे, त्याने विमानतळापासून तुमच्यासाठी खिसा मोकळा ठेवलेला असतो, पण आपल्यालाही कळायला पाहिजे ना.

प्रश्न : माझी मैत्रीण झुरिकला आहे, ती मला आल्प्समधल्या एका हटवर नेणार आहे. मी साल्हेर, मुल्हेर, हरिश्चंद्रगड केलेत. आपल्या ट्रेकपेक्षा तिथे वेगळं काय असतं?
(एक वाचक, धुळे)

उत्तर : ताई, साल्हेर केलाय म्हणजे पायाची काळजी नाही. साल्हेर 1567 मीटर, आणि तिथल्या बऱ्याच हट दोन ते तीन हजार मीटरवर आहेत, त्यामुळे पहिल्या रात्री डोकं जड झालं तर घाबरू नका, पण वाढतच गेलं तर खाली उतरा. वाटेचा रंग बघायला शिका. पिवळी पाटी म्हणजे साधी वाट, पांढरा-लाल-पांढरा म्हणजे डोंगरातली वाट, पांढरा-निळा-पांढरा म्हणजे दोर-बर्फाची कामं येणाऱ्यांची वाट, तिकडे मैत्रीण कितीही म्हणाली तरी जायचं नाही. आपल्यासारखं जाऊ आणि गुहेत पडू हे तिथे चालत नाही, बेड आधी बुक करावा लागतो आणि जाणं रद्द झालं तर फोन करून सांगावं लागतं, नाहीतर हे लोक शोधायला लागतील. रात्री दहाला सामसूम, गाणी-अंताक्षरी नाही. नळाचं पाणी पुष्कळ ठिकाणी पिण्याचं नसतं, चहा-पाणी विकत घ्यायचं. आणि नॉर्वेत डोंगरातून सोडवून आणायचे पैसे घेत नाहीत पण स्वित्झर्लंडमध्ये हेलिकॉप्टरचं बिल येतं, तेव्हा ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये डोंगरातला रेस्क्यू लिहिलेला आहे का ते बारीक अक्षरात वाचून घ्या.

प्रश्न : मुलाच्या मित्राकडे नॉर्वेला जायचंय, व्हिसाला किती दिवस आधी लागायचं?
(एक वाचक, भुसावळ)

उत्तर : शेंगेन व्हिसा लागतो, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा. नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नाही पण शेंगेनमध्ये आहे. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी करावाच लागतो, पण शेवटच्या पंधरा दिवसांवर भरवसा ठेवू नका, उन्हाळ्यात अपॉइंटमेंटच मिळत नाही. तीस हजार युरोचा मेडिकल इन्शुरन्स, बोलावणाऱ्याचं पत्र, बँकेचं स्टेटमेंट, आणि परत येणार याचा काहीतरी पुरावा, मग ती पेन्शन असो की शेताचा सातबारा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर अजून तीन महिने चालू हवा आणि दहा वर्षांपेक्षा जुना नको. आणि जाताना ज्वारीचे बिबडे न्या, डब्यात भरून, नाहीतर चुरा होतो. मी नेले होते, पोरं ओव्हनमध्ये भाजून खात होती आणि मित्र गच्चीवर वाळवणाला बसायचो त्या गोष्टी सांगत रात्री एकपर्यंत जागा होता.