नाशिकला अंबडच्या कंपनीत कामाने पार पिचलोय. दुसरी नोकरी हातात नसताना राजीनामा द्यावा का?

द्या, पण रागाच्या भरात नको. कंपनीच्या बसमध्ये चढतानाच पोटात गोळा येत असेल, तर तिथे कुढत राहण्यात अर्थ नाही.

आधी मेडिक्लेम बघा. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम साधारणपणे नोकरीसोबतच संपतो. नव्या वैयक्तिक पॉलिसीत अपघात सोडून बाकी आजारांना पहिले 30 दिवस सहसा संरक्षण नसतं. बीपी-शुगर आधीपासून असेल तर 3 वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून पॉलिसी आधी, राजीनामा नंतर. आई-वडील तुमच्याच कार्डावर असतील तर अजिबात घाई नको.

नोकरीची 5 वर्षं भरत आली असतील तर ग्रॅच्युइटीसाठी तेवढे दिवस रेटा. पीएफ काढू नका, पुढच्या कंपनीत त्याच यूएएनवर (पीएफचा कायमचा नंबर) वर्ग होतो.

हप्त्यासकट सहा महिन्यांचा खर्च बाजूला हवा (माझ्या मते त्याहून कमी म्हणजे जुगार). सातपूर-अंबडमध्ये क्वालिटी, मेंटेनन्सची कामं बऱ्याचदा ओळखीतूनच कळतात, तेव्हा जुन्या सहकाऱ्यांना आत्ताच फोन लावा. आयटीत असाल तर पुण्याचीही तयारी ठेवा.

आणि हो, पगाराच्या स्लिपा, फॉर्म 16 ऑफिसचा मेल बंद होण्याआधी उतरवून घ्या.